कथालेखन, मुलांचा गोष्टींचा वर्ग आणि शनिवारचे लादीपाव: आठवडा कसा बसवायचा?

पाटीपेन्सिल

नमस्कार मंडळी. दिवाळी अंकांसाठी कथा लिहिते, रविवारी सोसायटीच्या हॉलमध्ये ८ ते १२ वर्षांच्या मुलांचा गोष्टींचा वर्ग घेते आणि शनिवारी आसपासच्या घरांसाठी लादीपाव नि नानकटाई भाजते. ओटीजी (विजेची छोटी भट्टी) ३० लिटरचा आहे. गाव पुणे, म्हणजे एप्रिल-मेमध्ये ओट्याजवळ ३४ अंश सहज.

अडचणी अशा:

पावाचं पीठ फुगायच्या वेळा लेखनाच्या सकाळी खातात. नानकटाई कधी पसरून पापडी होते, कधी दगड. वर्गात निम्म्या गोष्टी "आणि मला जाग आली" इथे संपतात. किंमत काय लावावी आणि नोंदणी लागते का, हेही कुणी नीट सांगत नाही.

जाणकारांनी आकडे देऊन सांगावं, ही विनंती. "आवड असली की सवड मिळते" छापाचे प्रतिसाद नकोत. :)

---

खमीर

पावाचं मी सांगतो. बाकीचं इतर लोक सांगतीलच.

तुमची खरी अडचण अशी की पीठ सकाळी मळलं जातंय. ते शुक्रवारी रात्री मळा आणि फ्रिजमध्ये फुगू द्या. ९ इंची चौकोनी साच्यासाठी माप: मैदा ३०० ग्रॅम, निम्मं दूध-निम्मं पाणी मिळून १९५ ग्रॅम, साखर १५, मीठ ६, लोणी किंवा तेल २५, इन्स्टंट यीस्ट २ ग्रॅम. दिवसाच्या दिवशी भाजायचं असेल तर यीस्ट ४ ग्रॅम लागतं. रात्रभराच्या पिठाला ४ घातलंत तर सकाळी झाकण उचललेलं दिसेल आणि पावाला दारूसारखा वास येईल.

मळायला हाताने १० ते १२ मिनिटं. आपला मैदा प्रथिनात कमी असतो, त्यामुळे इथे घाई केली की पाव उंच न होता आडवा वाढतो. छोटा गोळा बोटांनी ताणून उजेडात धरा. न फाटता आरपार उजेड दिसला की पुरे. मग अर्धा तास बाहेर आणि नंतर घट्ट झाकणाच्या डब्यात घालून फ्रिजमध्ये ८ ते १२ तास. डबा पिठाच्या किमान दुप्पट मोठा हवा.

पाण्याचं तापमान हा उन्हाळ्यातला सगळ्यात दुर्लक्षित भाग. मळून झालेलं पीठ २६ अंशांवर हवं. २६ गुणिले ३ म्हणजे ७८. त्यातून मैद्याचं तापमान, खोलीचं तापमान आणि हाताने मळण्याचे साधारण ३ वजा करा. मे महिन्यात मैदा ३३, खोली ३४, म्हणजे ७८ वजा ७०: पाणी ८ अंशांचं, थेट फ्रिजमधलं. डिसेंबरात मैदा आणि खोली दोन्ही २२ असतील तर उत्तर ३१ येतं, म्हणजे कोमट. वर्षभर "कोमट पाणी घ्या" सांगणाऱ्या पाककृती थंड देशांत लिहिलेल्या असतात.

शनिवारी पहाटे पीठ बाहेर काढलं की गार असतानाच ६० ग्रॅमचे ९ गोळे करा. गार पीठ हाताला चिकटत नाही, मैदा भुरभुरावा लागत नाही. साच्यात लावून ओलं फडकं टाका. खोली ३० अंश असेल तर ७५ ते ९० मिनिटं, थंडीत दोन तासही लागतात. घड्याळापेक्षा बोट विश्वासू: हलकं दाबल्यावर खळगा सावकाश आणि अर्धवट भरून आला तर भाजायला तयार. झटकन वर आला तर थांबा. भरलाच नाही तर उशीर झालाय, लगेच भट्टीत घाला.

१९० अंश, १८ ते २० मिनिटं, मधल्या खणात. बाहेर काढल्यावर लोणी फासून कोरडं सुती फडकं झाका, वरचा पापुद्रा मऊ राहतो. आणि ओटीजीच्या बटणावरच्या आकड्यावर भरवसा ठेवू नका. घरगुती ओटीजीत १५-२० अंशांचा फरक नेहमीचा. आत ठेवायचा साधा तापमापक घ्या आणि एकदाच नोंद करून ठेवा: बटण अमुकवर, आत तमुक.

---

रवाळतूप

नानकटाई पसरणे आणि दगड होणे या दोन वेगळ्या चुका आहेत, त्यामुळे एकीचा उपाय दुसरीला लावला की गोंधळ वाढतो.

माप आधी: मैदा १५०, बेसन ५०, बारीक रवा २५, साजूक तूप १२५, पिठीसाखर १०० ग्रॅम, बेकिंग पावडर पाव चहाचा चमचा, सोडा चिमूटभर, वेलची, किंचित मीठ. बेसन मंद आचेवर ४-५ मिनिटं भाजून पूर्ण गार करून घ्या, नाहीतर कच्चट चव राहते. सगळं वजनावर. वाटीने तूप मोजलं की एकदा पातळ, एकदा थिजलेलं, एकदा वर शीग लावलेलं, आणि मग पाककृतीला दोष.

पसरते ती तुपामुळे. ३४ अंशांत तूप पातळच असतं आणि पातळ तुपात साखर फेटली जात नाही, नुसती बुडते. तूप १५-२० मिनिटं फ्रिजमध्ये ठेवून पांढरट, रवाळ, बोटाने खड्डा पडेल असं करा. मग साखरेबरोबर ३-४ मिनिटं फेटा. त्याहून जास्त नको, फार हवा भरली तरी पसरते. २० ग्रॅमचे गोळे करून ट्रेसकट पुन्हा २० मिनिटं फ्रिजमध्ये. भट्टी आधी तापलेली हवी. थंड भट्टीत ठेवली तर आकार धरायच्या आत तूप वितळून जातं.

दगड होते ती मळल्यामुळे किंवा दुधामुळे. पीठ घातल्यावर मळायचं नाही, बोटांनी फक्त गोळा करायचं. मिळून येत नसेल तर लोक दुधाचा हबका मारतात, तिथेच घात होतो: ओल मिळाली की मैद्याला चिवटपणा येतो. दुधाऐवजी एक चमचा तूप घाला. तिसरं कारण म्हणजे जास्त भाजणं. १६५ ते १७० अंशांवर १८ ते २० मिनिटं, बूड फिकट सोनेरी झालं की बाहेर. तेव्हा ती मऊच लागणार. १० मिनिटं ट्रेवर हात न लावता राहू द्या, गार होताना घट्ट होते. "अजून मऊ आहे" म्हणून परत आत ढकललेली नानकटाई संध्याकाळी दाताला लागते.

सोडा वाढला तर साबणासारखी चव येते. चिमूट म्हणजे चिमूटच.

किंमत. वरच्या मापात ४५० ग्रॅमचं मिश्रण, २२ नग, भाजून साधारण ४१५ ग्रॅम. तूप ६५० रुपये किलो धरलं तर एकट्या तुपाचे ८१, बाकी पीठ-साखरेचे २०, वेलची-पिस्त्याचे १०, वीज १०. म्हणजे १२१. आता ज्याचे पैसे कुणीच लावत नाही ते: तुमचा वेळ. एका बसणीत चार घाणे काढले तर साफसफाई धरून अडीच तास. तासाला १५० धरले तर घाण्यामागे ९४. बेरीज २१५. २५० ग्रॅमला १३० आणि डब्याचे १२, म्हणजे १४२. तुमच्या भागातले भाव घालून हिशेब पुन्हा करा, पण तासाचा आकडा शून्य धरू नका. शेजारधर्म म्हणून पाव-अर्धा डबा फुकट द्यायला हरकत नाही, मात्र दर पाडून देऊ नका. दर एकदा पाडला की वर जात नाही.

---

आख्यानकर

वर्गाबद्दल.

"मला जाग आली" हा शेवट आळसातून येत नाही. मूल नायकाला अशा संकटात नेऊन ठेवतं की बाहेर काढायची वाट त्यालाच माहीत नसते, म्हणून सगळंच स्वप्न ठरवून सुटका. त्यामुळे शेवटावर बंदी घालून काही होत नाही, गोष्टीचा आरंभ लहान करावा लागतो. एक जागा, दोन माणसं, एका तासात घडणारी गोष्ट. लिहायच्या आधी तोंडी चार उत्तरं घ्या: कुणाला काय हवंय? आडवं काय येतं? तो आधी काय करून बघतो? आणि ते का फसतं? मुलं पहिल्या दोनांवर थांबतात. चौथ्याचं उत्तर मिळालं की शेवट आपोआप जवळ येतो, कारण फसण्याच्या कारणातच पुढचा उपाय दडलेला असतो.

उदाहरण देतो. "राहुलला पतंग हवा" ही इच्छा. "पतंग पिंपळावर अडकलाय" हा अडथळा. इथून थेट उडता गालिचा येतो. पण "त्याने काठीला आकडा बांधला, काठी हातभर कमी पडली" असं झालं की मूल काठी वाढवायच्या मागे लागतं. गोष्ट जमिनीवर राहते.

जादू बंद करू नका, तिला अट लावा. जादू एकदाच चालते, किंवा ती वापरली की काहीतरी गमवावं लागतं. अट मुलांनीच ठरवायची.

९० मिनिटांची वाटणी अशी चालते: १० मिनिटं तोंडी खेळ, १५ मिनिटं तुम्ही गोष्ट सांगायची, १५ मिनिटं जोडीजोडीने बोलणं, २५ लेखन, उरलेला वेळ वाचन. तुम्ही गोष्ट सांगताना ती अडचणीच्या ऐन जागी थांबवा. कीर्तनकार आख्यान रंगात आलं की नेमके तिथेच थांबून अभंगाचं चरण घेतात आणि श्रोते पुढे सरकून बसतात, तेच तंत्र. थांबून मुलांकडून तीन वाटा मागा. पहिली नेहमीची असते, दुसरी पहिलीच्या उलट, तिसरी ऐकण्यासारखी.

जोडीतलं बोलणं गाळू नका. एकाने दोन मिनिटांत गोष्ट सांगायची, दुसऱ्याने ती परत सांगायची. परत सांगताना जे गळलं ते मुळात नीट सांगितलंच गेलं नव्हतं. हे मुलाला स्वतःला दिसतं, शिक्षकाने बोलावं लागत नाही.

पुण्यातल्या सोसायटीत बरीच मुलं इंग्रजी माध्यमाची असणार. ती मराठी फडाफडा बोलतात, पण देवनागरी लिहिताना २५ मिनिटांत ८-१० ओळींवर अडकतात, आणि मग हात दुखतो म्हणून गोष्ट तोकडी होते. त्यांना अर्धी गोष्ट मोठ्याने सांगू द्या, तुम्ही किंवा मोठं मूल उतरवून घ्या. इंग्रजी शब्द आला तर देवनागरीत लिहू द्या. ऱ्हस्व-दीर्घ फक्त शेवटच्या स्वच्छ प्रतीत, तेही पेन्सिलीने. पहिल्या खर्ड्यावर लाल पेन चालवलं की पुढच्या रविवारी वाक्यं चार शब्दांची होतात, कारण छोट्या वाक्यात चुका कमी.

अभिप्रायाला दोनच वाक्यं ठरवून द्या: "इथे मला दिसलं" आणि "इथे मी अडकलो". "छान आहे" बंद. १२ पेक्षा जास्त मुलं घेऊ नका, वाचनाला वेळ पुरत नाही आणि ज्याची गोष्ट राहते ते मूल पुढच्या वेळी लिहीत नाही.

पालक तात्पर्य विचारतील. "तुम्हीच सांगा" म्हणायचं नि चहा पाजायचा.

---

मुद्रितशोधक

लेखनाच्या बाजूने कुणीच बोललं नाही, म्हणून.

आठवडा बसवण्याआधी वर्ष बसवा. दिवाळी अंकांची कथा साधारण जुलैअखेर ते ऑगस्टच्या मध्यापर्यंत मागतात, नंतर मुद्रितं (छपाईआधी तपासायची पानं). नानकटाईची मागणी दिवाळीआधीच्या दोन आठवड्यांत चढते. म्हणजे ही दोन कामं एकमेकांच्या वाटेत येतच नाहीत. वाटेत येतो तो श्रावण आणि गणपती: मुद्रितं तेव्हाच येतात आणि गोडाच्या फर्माइशीही तेव्हाच. जून ते ऑगस्टचा मध्य फक्त पाव, तेही एक शनिवार आड. अधिक मास असलेल्या वर्षी सण दोन-तीन आठवडे पुढे जातात. २०२३ साली लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला होतं, २०२४ मध्ये १ नोव्हेंबरला. संपादकांना तारीख विचारूनच घ्या, मागच्या वर्षीवरून अंदाज बांधू नका.

कथा युनिकोडमध्ये पाठवा आणि सोबत पीडीएफ जोडा. अनेक ठिकाणी मांडणी अजून जुन्या फॉन्टांत होते आणि रूपांतरात ठरावीक जागा फुटतात: "सुऱ्या"चा "सुर्या" होतो, "ॲ" नि "ऑ" बिघडतात, अवतरणचिन्हं उलटी बसतात. मुद्रित आलं की आधी ह्याच जागा शोधा, मग बाकी वाचा. प्रसंग बदलताना नुसती रिकामी ओळ सोडू नका, पान जुळवताना ती गायब होते. तीन फुल्या टाका.

मोठ्याने वाचून बघा. मिनिटाला १२० शब्दांच्या वेगाने ३००० शब्दांची कथा २५ मिनिटं घेते. कुठल्याही कार्यक्रमात तुम्हाला १५ मिळतात. म्हणून सांगण्यासाठी १८०० शब्दांची वेगळी प्रत करा. ती करताना वर्णन आधी जातं. संवादात "तो म्हणाला" बरंच गाळता येतं, कारण ते काम आवाज करतो.

हक्कांबद्दल एकच. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ नुसार हक्क हस्तांतर लेखी लागतं, आणि त्यात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते. कथा पाठवतानाच मेलमध्ये "फक्त या अंकात एकदा छापण्याची परवानगी" असं लिहा. वर्गातल्या मुलांच्या गोष्टींवरही हक्क मुलांचाच. सोसायटीच्या ग्रुपवर टाकण्याआधी पालकांची लेखी परवानगी घ्या.

---

पाटीपेन्सिल

मंडळी, भरपूर मिळालं. खमीर, दोन साचे भाजायचे असले तर? एका वेळी एकच मावतो. आणि दुसऱ्या साच्यातले पाव बाहेर काढल्यावर वरून बसतात, सुरकुत्या पडतात.

पीठ फुगतं त्या वेळात लिहावं का, हाही प्रश्न आहेच. नोंदणीचं कुणी बोललं नाही.

---

परवानाधारक

नोंदणी लागते, घरून विकत असाल तरी. वर्षाची उलाढाल ठरावीक मर्यादेच्या आत असेल तर एफएसएसएआयची (केंद्राचं अन्नसुरक्षा प्राधिकरण) मूळ नोंदणी, त्यांच्या फॉसकॉस पोर्टलवर अर्ज. फोटो आणि ओळखपत्र लागतं. अर्ज भरताना पोर्टलवरची चालू मर्यादा आणि फी बघून घ्या. १४ अंकी क्रमांक मिळतो, तो डब्यावर छापायचा. लेबलावर पदार्थाचं नाव, घटक जास्तीकडून कमीकडे उतरत्या क्रमाने, निव्वळ वजन, केल्याची तारीख, किती दिवसांत संपवायचं, हिरवं शाकाहारी चिन्ह. गहू, दूध आणि सुकामेवा यांचा उल्लेख ठळक करा. वर्गातली मुलंच पाव खाणार असतील तर पिस्त्याची नानकटाई वेगळ्या ट्रेवर आणि वेगळ्या डब्यात.

ओटीजी १६ अँपिअरच्या सॉकेटवरच. २००० वॉटला ९ अँपिअरच्या आसपास प्रवाह लागतो, मिक्सरच्या ६ अँपिअरच्या सॉकेटला किंवा एक्स्टेंशन बोर्डाला तो झेपत नाही. प्लग गरम लागत असेल तर त्याच दिवशी वायरमन बोलवा.

---

आख्यानकर

फुगण्याच्या वेळात नवीन लेखन करू नका असं माझं मत. मन अर्धं साच्यात असतं. त्या सव्वा तासात वर्गातल्या वह्या तपासा. नवीन मजकूर सोमवार ते गुरुवार पहाटे, भट्टी बंद असताना.

---

मुद्रितशोधक

अर्धा सहमत. नवीन मजकूर नको, पण पुनर्लेखनाला हा वेळ उत्तम. गजर लावा आणि कागदावर छापलेली प्रत घेऊन मोठ्याने वाचा. लॅपटॉपला पिठाचे हात लागत नाहीत हा वरचा फायदा.

---

खमीर

दुसरा साचा बसतो कारण पहिला भाजून होईपर्यंत तो जास्त फुगून जातो. दोन्ही साचे एकाच वेळी लावू नका. दुसऱ्याचं पीठ फ्रिजमध्येच राहू द्या आणि २५ मिनिटं उशिरा काढून गोळे करा. विसरून दोन्ही लावले गेलेच, तर दुसरा साचा तीन चतुर्थांश फुगल्यावर फ्रिजमध्ये सरकवा, वेग मंदावतो.

सुरकुत्यांची आणखी दोन कारणं तपासा. एक, आतून कच्चे. मधल्या पावात तापमापक खुपसून ९२ अंश दिसायला हवेत. वरून रंग आला आणि आत ८५ असेल तर वर फॉइल टाकून ४-५ मिनिटं अजून. दोन, साच्यातच गार करणं. खालची वाफ आत कोंडते, बूड ओलं होतं आणि पाव खचतो. ५ मिनिटांत लादी जाळीवर उलटी करून लगेच सुलटी करा.

पहिल्या साच्यानंतर भट्टीचं दार उघडलं की आतलं तापमान बरंच उतरतं. दुसरा घालण्याआधी ५-६ मिनिटं पुन्हा तापू द्या. आणि गरम लादी डब्यात भरू नका. पूर्ण गार व्हायला तासभर लागतो, तेव्हा ९ वाजता द्यायचे असतील तर शेवटचा साचा पावणेआठला बाहेर हवा.